अडचण आल्यास फक्त मोघे यांना फोन करावा

"इतिहास घडतो तो रस्त्यावर उतरलेल्या माणसांमुळे! घरात बसून राहिलेल्यांचे फक्त वाढदिवस साजरे होतात!"

चंद्रहास मोघेने हे वाक्य सव्वीस जानेवारीच्या दुपारी मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, माइक जवळजवळ तोंडात घेऊन म्हटलं. मराठी मंडळाच्या ऐंशी-नव्वद माणसांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या दोघांनी तर बटाटेवडा खाली ठेवून वाजवल्या. त्याच संध्याकाळी मुलीचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल आला आणि ती म्हणाली, "बाबा, येत्या शनिवारी मी रस्त्यावर उतरतेय." चंद्रहास सोफ्यावर बसलेला होता, तो आणखी खोल बसला.

"म्हणजे? क्रॉस करायला ना?"

"बाबा, प्लीज. मार्च आहे. प्रोटेस्ट मार्च."

उर्वी पंचवीस वर्षांची होती. ओरेगनमधल्या एका युनिव्हर्सिटीत तिचं पीएचडीचं तिसरं वर्ष चाललं होतं, आणि ती तिथे होती ती स्टुडंट व्हिसावर. तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या संशोधकाला आठ दिवसांपूर्वी सकाळी त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून तोंडाला मास्क लावलेली चार माणसं घेऊन गेली होती. त्याचा व्हिसा रद्द झाला होता, हे त्याच्यासकट सगळ्यांना नंतर कळलं. गुन्हा काय, तर त्याने युनिव्हर्सिटीच्या पेपरात एक लेख लिहिला होता. मोर्चा त्याच्यासाठीच होता. चंद्रहासने तो लेख मुद्दाम शोधून वाचला. लेखात शिवी सोडाच, साधं उद्गारचिन्हसुद्धा नव्हतं. उद्गारचिन्हाशिवाय माणूस उचलला जात असेल तर उर्वीचं काय होणार? ती 'गुड मॉर्निंग'लासुद्धा तीन टाकायची.

"दुसरं कोणी नाही का जायला?" त्याने विचारलं.

"प्रत्येकाचे बाबा हेच विचारतायत."

"हुशार आहेत सगळ्यांचे बाबा."

"ऐक ना. चारशे लोक येणारेत आणि ऑर्गनाइझ करणारे आम्ही नऊ जण. नऊच्या नऊ पीएचडी. कोणाला साधी लाइन लावता येत नाही. तुझी ती विसर्जनाची शीट पाठवशील?"

इथे त्या शीटबद्दल सांगायला हवं. मंडळाच्या गणपतीची मिरवणूक चंद्रहास अकरा वर्षं काढत होता. कम्युनिटी सेंटरपासून पार्कातल्या टाकीपर्यंत दीड किलोमीटर अंतर, तीनशे माणसं, एक ढोलपथक, आणि अकरा वर्षांत एकही तक्रार नाही. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, बाईंनी एकदा ईमेलमध्ये 'एक्सलंट' लिहिलं होतं. तो ईमेल प्रिंट होऊन फ्रिजवर लागला होता. या सगळ्याच्या मुळाशी होती ती शीट, कौन्सिलसाठी इंग्रजीत केलेली. तिच्यात सगळं होतं: दर वीस मीटरवर पिवळं जॅकेट घातलेला स्वयंसेवक, दोरी धरणारे चौदा जण, पाणी कुठे, फर्स्ट एड कुठे, हरवलेलं मूल कोणाकडे द्यायचं, गर्दी कुठल्या वळणावर हमखास तुंबते.

"मी पाठवणार नाही," चंद्रहास म्हणाला. "आणि तू जाणार नाहीस."

उर्वीने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी इंजेक्शन घेताना ती सुईकडे अशीच बघायची, डोळे न मिटता. मग "लव्ह यू, बाबा" म्हणून तिने फोन ठेवला.

सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची आणि दिवसाला साठ माणसांचं रक्त काढायची; घाबरलेल्या माणसांशी कसं बोलायचं ते तिला ठाऊक होतं.

"ती जाणारच आहे, चंदू," ती म्हणाली. "तू शीट दिली नाहीस तर शीटशिवाय जाईल."

"तुला भीती नाही वाटत?"

"मला आठ दिवस झोप नाहीये. पण नुसतं घाबरून काय उपयोग? घाबरायचंच तर काहीतरी करून घाबर."

गुरुवारी चंद्रहासने शीट ईमेलने पाठवली. सोबत बारा सूचना लिहिल्या. पैकी सातवी अशी: 'फोन घरी ठेवून जाणे. फोनवरून माणूस कुठे आहे ते कळतं.' मग तो स्वतःच्या बंदोबस्ताला लागला. फेसबुक बंद केलं. उर्वीचे सगळे फोटो काढून टाकले. 'मोघे परिवार' या ग्रुपमधून बाहेर पडला, त्याबरोबर टूनगॅबीला राहणाऱ्या धाकट्या भावाने फोन करून "दादा, माझं काय चुकलं?" असं रडवेल्या आवाजात विचारलं. शेवटी त्याने व्हॉट्सॲपच फोनवरून उडवून टाकलं. आता मोघे कुटुंब जगाच्या नजरेला दिसेनासं झालं, अशी त्याची समजूत झाली आणि शुक्रवारी त्याला चार तास झोप लागली.

मोर्चाची वेळ होती तिकडच्या शनिवारी दुपारी एकची, म्हणजे मेलबर्नच्या रविवारी सकाळी आठची. साडेसातलाच बाहेर ऊन तापायला लागलं होतं. चंद्रहास डायनिंग टेबलाशी बसला होता. समोर उपीट होतं, ते तो चमच्याने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेत होता.

सात चाळीसला त्याचा फोन वाजला. अमेरिकेचा अनोळखी नंबर.

त्याने फोन उपिटाशेजारी उपडा घातला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. या वेळी दुसराच नंबर होता, पण तोही अमेरिकेचाच.

"उचल," सुहासिनी म्हणाली.

"ते लोक असतील."

"कोण लोक?"

"तेच. त्यांना कळलंय."

सुहासिनीने फोन उचलून, स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर धरला. पलीकडून पावसाचा आणि माणसांचा आवाज आला आणि एका बाईने विचारलं, "हाय! चंड्राहास का? मी मार्शल नंबर सहा, पिवळं जॅकेटवाली. दोरी धरणारे चौदा जण तयार आहेत. दोरी मूर्तीच्या पुढे धरायची की मागे? आणि मूर्ती कुठेय?"

चंद्रहासचा चमचा उपिटात थांबला. "तुम्हाला हा नंबर कोणी दिला?"

"शीटवर आहे ना. प्रत्येक पानावर. 'अडचण आल्यास फक्त चंद्रहास मोघे यांना फोन करावा.' फक्तच्या खाली रेघ आहे."

आणि त्याच्या ध्यानात आलं. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या नचिकेतने त्या जागी गुपचूप स्वतःचं नाव टाकलं होतं. त्यावर तीन सभा झाल्या. तेव्हापासून चंद्रहासने ती ओळ पासवर्ड घालून कुलूपबंद केली होती. उर्वीने रस्ता बदलला असेल, वेळ बदलली असेल, पण ती ओळ तिला हलली नसणार. पासवर्ड विचारायला तिने मेसेज केला असेल, तर तो वाचायला इकडे व्हॉट्सॲप नव्हतं. आता ओरेगनमध्ये चारशे लोकांच्या हातात त्याचं नाव होतं, मोबाइल नंबर होता, आणि खाली लहान अक्षरात घरचा पत्तासुद्धा, कारण कौन्सिलला लागतो.

"मूर्ती नाहीये," तो कसाबसा म्हणाला. "दोरी पुढे धरा. आणि वेळ झाली की चाला."

मग फोन येतच राहिले. मार्शल अकराने विचारलं, ढोल कधी येणार. तिसऱ्या एकाने विचारलं, 'गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात उतरू नये' हे नक्की कुठल्या ठिकाणी लागू आहे. एक म्हातारे गृहस्थ फक्त एवढंच सांगायला बोलले, की पन्नास वर्षं ते मोर्च्यांना येतायत, पण हरवलेल्या मुलांसाठी बिस्किटांची सोय आजच पहिल्यांदा बघितली. प्रत्येक फोनला चंद्रहास उत्तर द्यायचा. दुसरं काय करणार? चुकीचं उत्तर मिळालेली गर्दी कशी वागते ते त्याने पाहिलं होतं, आणि त्या गर्दीत सगळ्यात पुढे उर्वी होती.

आठ वाजून वीस मिनिटांनी नंबर सहाचा फोन पुन्हा आला. आता ती कुजबुजत होती.

"पुढे पूल आहे. पुलाच्या पलीकडे पोलिसांच्या चार गाड्या उभ्या आहेत. आणि एक काळी व्हॅन आहे, तिच्यावर काही लिहिलेलं नाही."

"उर्वी कुठेय?"

"पुढे. माइक तिच्याकडे आहे. आम्ही थांबू का पुलावर?"

"नाही!" चंद्रहास उभाच राहिला. "पुलावर थांबायचं नाही. थांबलात की मागचे पुढच्यांना ढकलतात. पूल रिकामा करून पलीकडच्या मोकळ्या जागेत जा, सावकाश, दोरी सोडू नका. आणि उर्वीला फोन द्या."

"ती खूप पुढे आहे. तिचा स्वतःचा फोन ती घरी ठेवून..."

लाइन तुटली.

त्याने परत लावला. लागला नाही. अकरा नंबरला लावला, त्या म्हाताऱ्या गृहस्थांना लावला. सगळीकडे रिंग वाजत राहायची, उचलत कोणीच नव्हतं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. बाहेर शेजाऱ्याने लॉनमोवर सुरू केला. एवढ्या साध्या आवाजाचा चंद्रहासला आयुष्यात कधी इतका राग आला नव्हता.

त्याला ती काळी व्हॅन दिसत होती. तिचा सरकता दरवाजा दिसत होता. सूचना क्रमांक सात त्यानेच लिहिली होती. माणूस कुठे आहे ते कळू नये म्हणून. आता खरंच कोणाला कळत नव्हतं.

"मीच सांगितलं तिला," तो म्हणाला. "फोन ठेवून जा म्हणून मीच सांगितलं."

सुहासिनीने त्याचं मनगट धरलं. धरायची तिची पद्धत लॅबमधली होती, त्यामुळे बोटं आपोआप नाडीवर गेली. तिची बोटं गार पडली होती.

आठ पन्नासला फोन वाजला. नवा नंबर. चंद्रहासने पहिल्याच रिंगला उचलला.

"सर, मी इथला पोलीस ऑफिसर बोलतोय." आवाज जाड होता, घाई नसलेला. "हा कागद माझ्या हातात आहे. यावरचे चंद्रहास मोघे आपणच का?"

चंद्रहासने सुहासिनीकडे बघितलं.

"मी इथे माइक घेतलेल्या एका मुलीला विचारलं, इन-चार्ज कोण," आवाज पुढे म्हणाला. "तर ती म्हणाली मीच. पण कागदावर तुमचं नाव आहे. म्हणून विचारतो, या मोर्चाचे इन-चार्ज तुम्ही आहात का?"

ती उभी होती. बोलत होती. म्हणजे अजून नेली नव्हती. एवढं ध्यानात यायला चंद्रहासला एक पूर्ण श्वास लागला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट ध्यानात आली: 'मीच' म्हणाली. मूर्ख मुलगी, पोलिसाला 'मीच' म्हणाली. त्यावर आता त्याने 'कागद गणपतीचा आहे, मी ऑस्ट्रेलियात आहे, चुकून झालं' एवढं म्हटलं असतं तर तो सुटला असता. वाक्य तयार होतं. गेले सहा दिवस तो असलीच वाक्यं तयार करत होता. तो फ्रिजला टेकून उभा राहिला.

"हो," तो म्हणाला. "मीच. सगळं माझं आहे. रस्ता मी आखला. दोरी माझी कल्पना. लोकांना मी चालायला सांगितलं, पूलसुद्धा मीच ओलांडायला लावला. ती मुलगी कोणी नाही. तिला फक्त मोठ्याने बोलायची सवय आहे. तिचं नाव लिहायची गरज नाही, माझं लिहा. मोघे. एम, ओ, जी..."

"सर."

"पत्ता कागदावर आहे. पासपोर्ट नंबर देतो, थांबा. सुहासिनी, माझा पासपोर्ट आण. सगळी जबाबदारी माझी आहे, ऑफिसर, आणि मी कुठेही पळून जाणार नाही. मी घरीच आहे."

"सर, सर. ऐका जरा." मागे पाऊस पडत होता आणि चारशे माणसं काहीतरी एका तालात, फोनची रिंग बुडेल इतक्या मोठ्याने म्हणत होती. त्यातला एक आवाज माइकवरचा होता, तो चंद्रहासने हजारातही ओळखला असता. "लोक शिस्तीत चालले आहेत, आमची काही तक्रार नाही. एवढंच, की ते बिस्किटांचं टेबल तुमच्या लोकांनी आमच्या काळ्या व्हॅनच्या दारापुढे मांडलंय. आमची जेवायची वेळ झालीय आणि डबे आत आहेत. तेवढं दोन फूट डावीकडे सरकवायला सांगाल का? आमचं कोणी ऐकत नाहीये, म्हणतात फक्त मोघेंना विचारा."