मशीनचा नकार

मशीन चालवणाऱ्या केतनने हिमानीच्या कानशिलांवरून दोन्ही इलेक्ट्रोड काढले, जेल पुसलं, नवं लावलं आणि तपासणीचं बटण पुन्हा दाबलं. पडद्यावर तोच लाल आकडा आला.

"रेझिस्टन्स लईच येऊन राहिला, मॅडम. मशीन करंट सोडून नाही राहिलं."

भूल द्यायची अजून बाकी होती. हिमानी छताकडे बघत पडून होती. मनाच्या आजारात गेल्या अठरा दिवसांत तिने आपणहून एक घासही खाल्ला नव्हता. पायथ्याशी उभ्या असलेल्या तिच्या आईचा, उषाबाईंचा, जीव मात्र भांड्यात पडला. सौसरच्या या दवाखान्यात लेकीच्या डोक्याला करंट देणार हे कळल्यापासून त्या देवाचा धावा करत होत्या. आता एवढं हुशार मशीनच नाही म्हणत होतं, त्याला कोण काय करणार?

"मशीन बिघडलं नाही ना?" डॉ. अनुराधांनी विचारलं.

केतनने बॅगेतून डोक्याच्या जागी जोडायचा रेझिस्टर काढला. मीटर लावून झटका सोडला आणि आकडे कागदाशी ताडून पाहिले.

"इथं तर बरोबर देऊन राहिलं. मंग गडबड कुठं आहे, समजत नाही. नागपूरले न्या लागन. आठ दिवस तरी धरा."

"एवढे दिवस हिच्याजवळ नाहीत," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

उषाबाई पुढे आल्या. त्यांनी पलंगाची कड धरली.

"बाई, नर्सनं पुसून देल्लं ना, त्याच्यानंतर म्या तेल लावलं. जामसावळीच्या मारुतीच्या दिव्यातलं. दोन्ही कानशिलांले. करंट आत जाऊ नये म्हनून."

कोणी रागावलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं. डॉक्टरांनी स्पिरिटचा कापूस त्यांच्याच हातात दिला. त्यांनी लेकीची दोन्ही कानशिलं केसांच्या मुळांपर्यंत पुसली. देवाचं तेल आपल्याच हाताने पुसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, पण त्या थांबल्या नाहीत.

स्पिरिट वाळल्यावर केतनने बटण दाबलं. आकडा खाली आला, हिरवा झाला.

"आता बाहेर बसा, मावशी," तो म्हणाला.

दारात उषाबाई केतनकडे वळल्या.

"बाबू, आता या मशीननं पुन्हा नाही म्हटलं, तं ऐकशीन ना रे त्याचं?"

"ऐकीन, मावशी."

त्या बाहेर गेल्या आणि दार त्यांनीच लावून घेतलं.