समीकरण ६.१४

दोघा भावांनी मिळून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकाची शेवटची मुद्रिते टेबलावर आली, तेव्हा गठ्ठा दादांना जरा हलका वाटला. कागद पातळ असेल, असे समजून त्यांनी चष्मा लावला. तंत्रनिकेतनात पस्तीस वर्षे शिकवताना अंगात मुरलेली शिस्त होती: पहिल्या फेरीत मजकूर कोऱ्या कागदाने झाकायचा आणि उजव्या कडेचे समीकरणांचे क्रमांक तेवढे तपासायचे. डोळा मजकुरात गुंतला की आकडा निसटतो.

क्रमांक ओळीने होते, कुठेही खंड नव्हता. संगणकाने क्रमांक आपोआप द्यावेत, ही सोय दादांनीच बसवली होती आणि धाकट्याला बजावले होते, "हाताने एकही आकडा टाकायचा नाही. मधलं काही काढलं, तर बाकीचे आपले आपण सरकतात."

"बरं, हेडमास्तर," धाकटा म्हणाला होता.

दुसऱ्या फेरीत संदर्भ. धाकट्याने लिहिलेल्या पाचव्या प्रकरणात 'समीकरण ६.१४ पाहा' असे होते. सहाव्यात समीकरणे अकराच. दादांनी झाकणकागद बाजूला केला आणि शीर्षक वाचले. ते तर मूळच्या सातव्या प्रकरणाचे होते. नळातल्या पाण्याच्या धक्क्यावरचे त्यांचे सहावे प्रकरण, नऊ वर्षांच्या मोजमापांसकट, पुस्तकात नव्हतेच. त्या एका प्रकरणासाठी त्यांनी या पुस्तकाला होकार दिला होता.

संध्याकाळी धाकटा संमतीपत्रावर सही घ्यायला आला.

"माझं सहावं कुठे गेलं?"

धाकट्याने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. "प्रकाशकाला चाळीस पानं कमी हवी होती, दादा. तू ऐकलं नसतंस."

"म्हणून विचारलंच नाहीस. तुझं एखादं का नाही काढलं?"

"माझी परीक्षेला येतात." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "कुणाच्या लक्षातही येणार नाही. क्रमांक सगळे नीट लागलेत."

"लागणारच. सोय माझीच आहे."

केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच, आणि केसही घरचाच.

"पण तुला कळलं कसं?"

दादांनी पाचव्या प्रकरणातल्या त्या आकड्यावर बोट ठेवले. "हा तू हाताने टाकलास. सांगूनही."

दादांनी संमतीपत्र तसेच पडू दिले, शीर्षकपान पुढे ओढले, पट्टी धरली आणि शेजारी-शेजारी छापलेल्या दोन नावांपैकी पहिल्यावर सरळ तांबडी रेघ मारली.

"तुझं नाव मध्यावर घ्यायला सांग त्यांना," ते म्हणाले. "ते आपोआप सरकत नाही."