अक्काच्या ओट्यावरची शेगडी

पणजीने चुलीच्या धुरात डोळे घालवले. आजीने कोळशाच्या शेगडीवर उभ्या घराचे रांधले आणि उतारवयात तिचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजू लागला. आईचा रॉकेलचा स्टोव्ह एका सकाळी भडकला. या तिघींच्या वंशात जन्म घेऊन जिने विस्तवाशी वैर धरले नाही, उलट त्याला वेसण घालण्याचाच धंदा पत्करला, ती धाकटी आज थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, स्वयंपाकघरात हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गुडघे टेकून बसली होती.

सारे तिला गॅसवाल्या बाई म्हणत. किती घरांत तिने शेगड्या जोडल्या याची गणती तिने ठेवली नव्हती. पण या घरात आजवर आग पेटलीच नव्हती.

स्टोव्ह भडकला त्या सकाळी धाकटी, जेमतेम बोबडे बोलणारी, त्याच्यापुढे दुधाची वाट पाहत बसली होती. अक्काने तिला उचलून दाराबाहेर फेकले आणि पेटता स्टोव्ह हाताने लोटला. धाकटीला ओरखडाही उठला नाही. अक्काच्या उजव्या हाताची कातडी मात्र चुरगळून वाळलेल्या कापडासारखी झाली ती कायमची. त्याच हाताने तिने पुढे शिवणकाम केले, धाकटीला शिकवले, तिचे लग्न लावले. फक्त काडी कधी ओढली नाही. तिच्या ओट्यावर शिवणाचे यंत्र असे, आणि जेवणाचा डबा शेजारच्या बाई देत.

त्या बाई आता थकल्या, डबा बंद झाला. धाकटीची लेक म्हणाली, "मावशी, आमच्याकडेच चल." अक्काने मुकाट्याने ट्रंक भरली. आयुष्यभर कुणाच्या ताटाखालचे मांजर न झालेली बाई! धाकटीला ते बघवेना.

"लेक संध्याकाळी गाडी घेऊन येईल," ती म्हणाली. "तोवर शेगडी जोडून बघू. पेटवलीस तर राहा. नाही जमलं तर गाडीत बस."

यंत्र खिडकीपाशी गेले. खिडकीवरचा झालरीचा पडदा धाकटीने स्वतःच उतरवला, तेव्हा अक्का कडाडली, "तो का गं? त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

"आगीशेजारी झालर नको. आणि खिडकी उघडी हवी."

"चोर आले म्हणजे?"

"तुला बघून पळतील."

सिलिंडर ओट्याखाली सरळ उभा राहिला, शेगडी त्याच्याहून उंच, सपाट ओट्यावर. नळी शेगडीच्या पाठीमागून न नेता बाजूने आणली, कुठे पीळ नाही, कुठे ताण नाही. मग धाकटीने वाटीत साबण कालवला आणि सिलिंडरची कळ उघडून एकेका जोडावर फेस लावला. काडी ओढून गळती शोधणारा माणूस शहाणा नव्हे. आजवर वाचला, इतकेच.

शेगडीकडच्या जोडावर एक बुडबुडा टम्म फुगला.

"बघ! म्हटलं नव्हतं मी?" अक्का दारापर्यंत मागे सरली.

धाकटीने कळ बंद केली. कान लाल झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि तेही इथे!

"नळीवरची ती पट्टी तिरपी बसलीय," दारातून आवाज आला.

"कुठे तिरपी?"

"डोळे घरी ठेवून आलीस का? काजासमोर बटण नाही आलं की कापड असंच तोंड उघडतं. सर बाजूला." अक्का तरातरा पुढे आली. तिने पट्टी सैल केली, नळी पुरती आत दाबली, पट्टी रेषेत आणली आणि ओठ दाबून स्क्रू आवळला. "आता लाव तुझा साबण."

धाकटीने सिलिंडरची कळ पुन्हा उघडून फेस लावला. दोघी वाकून पाहत राहिल्या. फेस जसाच्या तसा बसून राहिला.

"आता ही कळ," धाकटी म्हणाली. "दाबून फिरवायची, ठिणगी आपोआप पडते. ज्योत आली तरी सोडायची नाही. बर्नरजवळची ही धातूची बारीक काडी तापेपर्यंत दाबून धरायची."

"आणि सोडली तर?"

"ज्योत विझते, गॅसही बंद होतो. काही होत नाही."

"काही होत नाही, असं आईही म्हणायची."

अक्काने डाव्या हाताने कळ दाबली, फिरवली. भक्कन निळे वर्तुळ उठले आणि तिचा हात विंचू चावल्यासारखा मागे आला. ज्योत गेली. अक्का थेट ट्रंकेपाशी जाऊन उभी राहिली.

"झालं. बोलाव गाडी."

धाकटीने समजूत घातली नाही. तिने शेगडी स्वतः पेटवली, काडी तापू दिली, कळ सोडली. मग वाकून ज्योतीवर जोराने फुंकर मारली. ज्योत विझली. काही क्षण गेले, आणि मग शेगडीच्या आतून आवाज आला: टक्.

"ऐकलंस? काडी गार झाली, हिनं आतून दार लावून घेतलं. स्टोव्हला हे कळत नव्हतं, अक्का. हिला कळतं."

अक्का ट्रंकेकडून शेगडीकडे वळली. "पुन्हा विझव," ती म्हणाली.

टक्.

"पुन्हा."

"अगं, लोक म्हणतील, दोन म्हाताऱ्या मिळून फुंकर मारायला शिकताहेत!"

"म्हणू देत. विझव."

टक्.

आता अक्का पुढे झाली. या वेळी तिने हात पुढे केला तो उजवा. निळे वर्तुळ उठले. चुरगळलेल्या कातडीवर उजेड पडला, बोटे पांढरी पडली, डोळे गच्च मिटले. पण अंगठा कळीवरून हलला नाही.

"सोड आता," धाकटी हळूच म्हणाली.

अक्काने हात काढला. ज्योत जागच्या जागी उभी होती.

"राहिली की गं!" अक्का म्हणाली, आणि सोळा वर्षांच्या पोरीसारखी खळखळून हसली.

पायऱ्यांवर पावले वाजली. धाकटीची लेक दारात आली. "मावशी, निघायचं ना?"

"आली आहेस तर ती ट्रंक आत ढकल. वाटेत येतेय," अक्काने मान न वळवता फर्मावले. "आणि ते दुधाचं पातेलं दे इकडे."

दूध उतू जाऊ न देण्याइतके अक्काला कळत होते; मधूनमधून ढवळायचे असते, हे मात्र कोणी शिकवले नव्हते. तिने शेगडीची कळ बंद केली, सिलिंडरची बंद केली, दोन्हींवर पुन्हा हात लावून खात्री केली आणि दुधाचा पेला भरून धाकटीपुढे धरला.

"घे. त्या सकाळचं राहिलं होतं."

धाकटीने पेला दोन्ही हातांनी घेतला. थोरलीच्या हातचे ऊन-ऊन असे तिने जन्मात काही घेतले नव्हते. तिचे डोळे त्या उजव्या हाताकडे गेले. अक्काने ते पाहिले.

"त्याच्याकडे काय बघतेस? आज त्यानं त्याचं सगळं वसूल केलं. आता तू माझं काही देणं लागत नाहीस. पी मुकाट्यानं."

दूध खाली लागले होते. धाकटी ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.