चमच्याला लावलेला ओठ

नऊ दिवस मी माझ्या तान्ह्या लेकीचा, मानसीचा मुका घेतला नव्हता. ओठाच्या कोपऱ्यावर फोड उठले की मी तोंडाला ओढणी बांधते आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगते, सर्दी झाली. संत्र्याच्या तोडणीला उन्हात गेलं, झोप मोडली, की ते येतातच. लग्नाआधीपासून येतात. माहेरी पांढुर्ण्यात म्हणायचे, ताप ओठावाटे निघून गेला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सांगितलं होतं, हा विषाणू अंगातून जात नाही, फोड असताना लेकराला तोंड लावू नको. सासरी मी हे कोणालाच सांगितलं नाही. जन्माचा रोग घेऊन आली म्हणतील, ही भीती.

मुका टाळला. पण पेज भरवताना चमचा आधी ओठाला लावून पाहायची, गरम तर नाही ना. माझी आई असंच करायची. ओढणी खाली सरकायची, चमच्याचा हात आपोआप ओठाशी जायचा. माझ्या लक्षातही यायचं नाही.

खपली पडली आणि दोनच दिवसांत मानसीला ताप भरला. ओठ, हिरड्या, जीभ, सगळीकडे फोड. दूध तोंडाशी नेलं की किंचाळायची, आणि रडता रडता माझ्याकडेच हात करायची.

सौंसरच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाच्या ओठावर फोड आले होते काय?"

मी तोंड उघडलं होतं. पण आत्याबाई आधी बोलल्या. "आमच्या घरात कोणाले नाही जी. ते पंचफुला येते ना मालिश कराले! दहा घरचे लेकरं हाताळते, अन् तोंडात बोट घालून जीभ पुसते."

मी मानसीच्या झबल्यावरची लाळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई तेलाची बाटली घेऊन आल्या, तर आत्याबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. जाताना पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मानसी माझ्या खांद्यावर होती, तरी मी रिकामा पाळणा हलवत होते.

पंधरा दिवसांनी मानसी बरी झाली. आत्याबाई तिला जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला घेऊन गेल्या. परतल्या तेव्हा फाटकाशी पंचफुलाबाई उभ्या.

"लेकरू कसं हाये, एवढंच पुसाले आली."

"बरं हाये. जाय."

"जातो. पण प्रेमलताबाई, तुमी सांगतल्यापासून तीन घरचं काम सुटलं. बावीस वर्सांत माया हातानं कोण्या लेकराले पुरळ नाही आली व माय."

मी अंगणात आले. "आत्याबाई, त्यांच्यापासून नाही झालं. मायापासून झालं."

मग सगळं सांगितलं. फोड, ओढणी, चमचा. आत्याबाई पायरीवरच बसल्या.

"सर्दी म्हणे! नऊ दिवस मले काढा उकळाले लावला व तू!"

 मग त्या पंचफुलाबाईंना म्हणाल्या, "उद्यापासून ये."

"तुमच्या घरी येईन. त्या तीन घरी कोण सांगन?"

"फोन करून देतो."

"मायं नाव घ्याले त पायी गेल्या होत्या तुमी."

आत्याबाई पायरीवरून उठल्या नाहीत. मी चपला घातल्या. "चला पंचफुलाबाई."

पहिलं घर तृप्तीचं. तिचं बाळ दीड महिन्याचं. आम्हां दोघींना पाहून तिनं बाळाला पदराखाली घेतलं. "बस ना दामिनी," म्हणाली, पण पंचफुलाबाईंना बस म्हणाली नाही.

मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तृप्ती, फोड माया ओठावर येतात," मी म्हणाले. "पुढंही येतील. यांचा काहीच दोष नव्हता, अन् मले माहीत होतं."

तिनं बाळाला आणखी जवळ ओढलं. माझ्यापासून लांब. मी बोलत राहिले.