लेडी हॅरिएटची हरवलेली शिट्टी

आमच्या नॉरिसनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जन्मात एकच चोरी केली, आणि तीही चांगल्या जडशीळ पितळेची. शिट्टीची.

शिट्टी लेडी हॅरिएटची. लेडी हॅरिएट म्हणजे इंजिन. पण आमच्या यॉर्कशरच्या खोऱ्यात तिला 'ते इंजिन' म्हणणाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही. ती 'ती' आहे. छत्तीस साली लंडनहून उत्तरेकडं येताना तिनं वेगाचा विक्रम केला, पेपरात फोटो आला, आणि तेव्हापासून तिचे नखरे सगळ्यांनी सोसले. शिट्टी तिची तीन सुरांची, तिन्ही एकदम वाजायचे. माझी आई ती ऐकून बटाटे उकडायला टाकायची.

पासष्ट साली तिला मोडीत काढायचं ठरलं. शेवटच्या फेरीला नॉरिस तिच्यावर फायरमन होता, भट्टीत कोळसा टाकणारा. तिला भंगारवाल्याच्या आवारात पोचवून तो घरी आला, तेव्हा त्याच्या डब्याच्या पिशवीचा बंद तुटायला आला होता.

"काय आहे रे त्यात?"

"काही नाही."

"काही नाही एवढं जड असतं होय?"

त्यानं शिट्टी टेबलावर ठेवली आणि ढसाढसा रडला. "उद्या तिचे तुकडे करणार गं, एडना. म्हटलं, आवाज तरी वाचवावा."

चहा गार होऊ नये म्हणून किटलीवर लोकरीचं टोपडं घालतो, त्यातलं एक जुनं मी शिट्टीला घातलं आणि ती बैठकीतल्या कपाटावर ठेवली.

आणि तुकडे झालेच नाहीत! भंगारवाल्याला आधी मालडबे तोडायचे होते, ते त्याला काही संपेनात. अकरा वर्षं ती समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत उभी राहिली. मग आमच्याच गावच्या लोकांनी मंडळ काढलं, केक विकले, जुने कोट विकले आणि तिला सोडवून आणलं. तोवर तिचे बरेच भाग लोकांनी लांबवले होते. पहिल्याच सभेत आमच्या चिटणीस ग्लेनिसबाई गरजल्या, "ज्यानं लेडीचा एक खिळा जरी नेला असेल, त्याला मी या फलाटावर पाय ठेवू देणार नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात नॉरिसनं.

मग हरवलेले भाग शोधायला समिती नेमली. लेडीला शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं? नॉरिसनं. झाला अध्यक्ष. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या अशा.

"अरे, नाही म्हणायचंस!" मी घरी आल्यावर कडाडले.

"नाही म्हटलं असतं तर संशय आला असता."

पुढं अठरा वर्षं दर मार्चमध्ये वार्षिक सभेत तो उभा राहून सांगायचा, "शिट्टीचा शोध चालू आहे." आणि घरी येऊन त्याच शिट्टीवरची धूळ पुसायचा. आमच्याकडं मंडळाची निम्मी माणसं नाताळला जेवायला यायची. कपाटावर टोपडं घातलेली एक किटली, जिच्यातून आजवर कुणाला चहा मिळाला नव्हता. पण एका शब्दानं कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तूबद्दल विचारणं आमच्याकडं शिष्टाचाराला धरून नाही. मी मनात म्हणायचे, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीन वर्षांपूर्वी नॉरिसचे कान जायला लागले. सारी उमर बॉयलरपाशी गेलेली, दुसरं काय होणार? 'मोठ्यानं बोल' हे दोन शब्द घरात इतके झाले, की शेजारची कुत्रीसुद्धा आमच्याशी मोठ्यानं भुंकायची. यंदा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कानात यंत्र लावूनही आता फार तर पुढच्या नाताळपर्यंतच ऐकू येईल.

त्याच आठवड्यात लेडीच्या दुरुस्तीचं काम पुरं झालं. ईस्टरच्या शनिवारी तिला वाफ चढणार होती. शिट्टी मात्र यार्डात डबे ढकलणाऱ्या एका ठेंगण्या इंजिनाची मागून आणली होती. डुकराचं पिल्लू दारात चेंगरावं तशी ती किंचाळायची. नॉरिस ती ऐकून आला आणि जेवला नाही.

"तिचा आवाज एकदा ऐकायचा होता गं," तो म्हणाला. "कान जायच्या आत."

"मग दे की नेऊन!"

"नेऊन देऊ? मग मला फलाटावर तरी उभं करतील का?"

मला त्याची कीव आली आणि रागही आला. राग जास्त.

वाफ चढायच्या आठवडाभर आधी स्टेशनच्या प्रतीक्षागृहात वार्षिक सभा भरली. नॉरिस उठला, घसा साफ केला. "शिट्टीचा शोध..."

"बस खाली," मी म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोल."

"बस खाली!" आणि मी बाजाराच्या पिशवीतून टोपड्यासकट शिट्टी काढून ग्लेनिसबाईंच्या टेबलावर आदळली. एका हातानं टोपडं ओढलं.

नॉरिसचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं. सारा जन्म या माणसांत काढला, आता दुसरं गाव बघा.

ग्लेनिसबाईंनी चष्मा नीट केला. "कुणी चहा घेणार का?" त्या म्हणाल्या.

तेवढ्यात मागून डेनिस उठला. लेडीचे नटबोल्ट तोच बघतो. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेला, शिट्टी इंजिनाला बसवायचा पितळी जोड काढला, शिट्टीच्या बुडाला लावला आणि फिरवला. तीन आट्यांत घट्ट बसला.

"डेनिस," मी म्हणाले, "हे माप तुला कुठं मिळालं रे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "सत्त्याऐंशीच्या नाताळात. तुम्ही पुडिंग आणायला आत गेला होतात तेव्हा. माफ करा, एडनाबाई. तेव्हापासून जोड तयार आहे, दर सभेला खिशात घेऊन येतो. म्हटलं, लागेल कधीतरी."

"मला तर त्याच्या कितीतरी आधी कळलं," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "मी चहा ओतायला गेले, तर किटली उचलेचना."

मग कळलं, सभेतल्या एकूण एक माणसाला ठाऊक होतं.

"अहो, मग बोलला का नाहीत?" नॉरिस ओरडलाच. "अठरा वर्षं मी इथं उभा राहून खोटं बोलतोय!"

"विचारणं बरं दिसलं नसतं," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "शिवाय फलाटाचं मी बोलून बसले होते ना. तुम्हाला गमावून कसं चाललं असतं?" मग त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: शिट्टी मिळाली, समितीचे आभार.

आभार! या गावच्या शिष्टाचारापायी माझ्या नवऱ्याचे कान जायची वेळ आली तरी शिट्टी कपाटावरच राहिली, आणि म्हणे आभार. पण रागावू तरी कुणावर? इतकी वर्षं मीही तेच केलं होतं.

ईस्टरच्या शनिवारी सगळं खोरं फलाटावर लोटलं. डेनिसनं नॉरिसला हात देऊन इंजिनावर चढवलं आणि शिट्टीची साखळी त्याच्या हातात दिली. मी खाली उभी. माझ्या हातात ते रिकामं टोपडं. लेडीकडं कुणी बघतच नव्हतं, सगळे नॉरिसच्या तोंडाकडं बघत होते.

त्यानं साखळी ओढली.

तिन्ही सूर एकदम सुटले आणि टेकडीवरून परत आले. मला आईचे बटाटे आठवले. नॉरिस मात्र तसाच उभा, तोंडावरची रेघ हलेना.

साखळी सोडून त्यानं दोन्ही तळवे कानांवर दाबले आणि इंजिनावरून वाकून माझ्यावर खेकसला, "काय ओरडते गं ही बया! कान फुटले ना माझे!"

आणि पुन्हा साखळी ओढली.