लायनर बसेपर्यंत

दत्तराव बुवांनी रामनवमीपासून तोंडातून शब्द काढला नव्हता. घशात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी ती काढायची तारीख दिली होती आणि गाठीबरोबर आवाजही जाईल, हे स्पष्ट सांगितलं होतं. बुवांनी ते ऐकून घेतलं, हात जोडले आणि एवढंच विचारलं, की राणीसावरगावच्या सप्त्यातलं काल्याचं कीर्तन तारखेच्या अलीकडं येतं, तेवढं होईल का? डॉक्टर म्हणाले, गळ्याला पूर्ण विसावा दिला तर कदाचित होईल. त्या एका 'कदाचित'साठी बुवांनी मौन धरलं. विठ्ठलाचं नावसुद्धा ओठांच्या आत.

"लग्न झाल्यापसून पैल्यांदाच मी बोलायलेय अन् हे ऐकायलेत," पंचफुलाबाई, त्यांच्या मंडळी, आल्यागेल्याला सांगायच्या. हसायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या.

बुवांना सप्त्याला न्यायचं काम चंद्रभानाचं. त्याच्याकडं जुनी अँबॅसिडर होती. ती लग्नाच्या, दवाखान्याच्या भाड्यानं फिरायची, पण कीर्तन असलं की बुवांची. चंद्रभान गाडी लावून टाळ घ्यायचा आणि बुवांच्या मागं उभा राहायचा. बुवा अभंगाच्या एका चरणावरून पुढच्या चरणात शिरताना आवाज किंचित खाली आणून असे काही थांबायचे, की मंडपातली तान्ही लेकरंसुद्धा गप्प व्हायची. त्या थांबण्यासाठी चंद्रभान गावोगाव गेला होता. बाकी जन्म आपला गाडीत गेला, असं तो म्हणायचा.

गाडीचे ब्रेक झिजले होते. बुवांना असल्या गाडीत बसवायचं नाही म्हणून काल्याच्या आदल्या दिवशी त्यानं मानवतला नागनाथ मिस्त्रीकडं चारी चाकांना ब्रेकचे नवे लायनर टाकून घेतले. ज्या भिंतीला नागनाथचं पत्र्याचं शेड टेकलं होतं, तिच्यावर नामांतराची एक घोषणा आणि ती पुसून लिहिलेली दुसरी, अशा दोन्ही अर्ध्या अर्ध्या दिसत होत्या. तिथं नागनाथनं हात पुसत त्याला बजावलं, "भौ, जल्दी करू नका. नवा लायनर ड्रमला लगेच धरीत न्हाई. मोकळ्या रस्त्याला गाडी चाळीसवर न्या, हळू दाबत दहावर आणा, सोडा. थंड होऊ द्या. परत तसंच. करकचून दाबलात तर लायनर जळून गुळगुळीत होतेत, मग कामातून गेले."

"अन् वरडायलेत ते?"

"वरडू द्या. घासून घासून बसायलेत ते. चाकाच्या टोप्या लावू नका, ड्रमच्या भोकाची रबरंबी राहू द्या डिकीत. सकाळी निघायच्या आधी भोकातून पेचकस घालून चारी चाकं जरा आवळून घ्या, मग लावा."

चंद्रभान दुपारभर मानवत रोडच्या बाजूनं रिकामी गाडी पळवत राहिला. चाळीस, दहा, सोड. चाळीस, दहा, सोड. नवा टाळकरी आधी अर्धी मात्रा मागं वाजवतो, मग पुढं, आणि वाजवता वाजवता कधी मिळून जातो ते त्यालाही कळत नाही. तसंच पायाखाली व्हायला लागलं होतं. प्रत्येक दाबाला चाकं मात्र किंचाळायची. माळावरची मेंढरं माना वर करायची.

दिवस मावळताना तो बुवांच्या गावी पोचला. अंगणात गाडी थांबली ती मोठ्यानं ओरडतच. ओसरीवरून तात्याराव उठले. हे बुवांचे थोरले भाऊ. सगळी हयात बैलगाडी हाकण्यात गेलेली, आणि धाकट्याला खांद्यावर बसवून कीर्तनाला नेणारे पहिले तेच.

"काय रे चंद्रभाना, चाक रडायलंय की!"

"वरडू द्या तात्या. नवं हाय."

"नवं असू का जुनं. उंद्या माझा दत्ता जायलाय काल्याला. रडत्या चाकावर कुणी देवाच्या कामाला जातं व्हय?"

"जातं, जातं. गाडी लोखंडाची हाय, सागाची न्हाई," चंद्रभान हसून म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. म्हाताऱ्याला लायनर काय आणि ड्रम काय, असं त्याला वाटलं.

सकाळी तो आंघोळीला विहिरीवर गेला. परतला तेव्हा पंचफुलाबाईंनी घाई लावली होती. खडीसाखर, उपरणं, वीणा, सगळं गाडीत. पहाटेची परभणीची एसटी केव्हाच गेली होती. दारात गाडी असताना तिच्याकडं कोण बघतो? चाकं आवळायची राहिली होती. गंगाखेडला चहाला थांबू तेव्हा आवळू, असं म्हणून त्यानं गाडी काढली. बुवा पुढं बसले, हात जोडून. मागं पंचफुलाबाई आणि तात्याराव.

कच्च्या रस्त्याला वेग नव्हता. वळणावर त्यानं ब्रेकवर पाय नुसता टेकवला. आवाज आला नाही. बसले वाटतं लायनर, म्हणून त्याला बरं वाटलं.

ओढ्याचा उतार लागला. खालून वऱ्हाडाची एक बैलगाडी वर चढत होती, बायका गाणी म्हणत होत्या. चंद्रभाननं ब्रेक दाबला. ब्रेकचा पायटा पायाखाली दगडासारखा घट्ट, आणि गाडी काहीच न झाल्यासारखी पुढं. त्यानं पुन्हा दाबला, गिअर खाली ओढला, हातब्रेक ओढला. बैलांची शिंगं काचेत मोठी होत चालली. शेवटी त्यानं स्टिअरिंग वळवलं आणि गाडी बांधावरून नांगरलेल्या काळ्या ढेकळांत घातली. तिथं ती रुतली, हिसका देऊन बंद पडली.

कुणाला खरचटलंही नाही. वऱ्हाडाची गाणी तेवढी थांबली.

"असं कसं झालं रे?" तात्याराव खाली उतरत म्हणाले. "आता तर चाकं रडायलीबी नव्हती."

चंद्रभान वाकलेला होता. चाकाच्या भोकाखाली काळपट ओघळ आला होता. त्यानं बोट लावलं आणि नाकाशी नेलं. एरंडेल.

"तात्या… तुमी काय केलं?"

"वंगण दिलं. तू विहिरीवर गेल्तास तव्हा. वंगणाची नळी बरुबर जात होती भोकात. चारीला दिलं, सारखं सारखं. माझ्या दत्ताला…" त्यांनी चंद्रभानाचा चेहरा पाहिला आणि पुढचं वाक्य तसंच राहिलं.

एका वऱ्हाड्याची सायकल घेऊन चंद्रभान मानवतला गेला. ऐन लग्नाची तीथ. एकही जीप रिकामी नव्हती, आणि एसटी बदलत जायचं तर काला टळून गेला असता. नागनाथ पेट्रोल आणि पॉलिश पेपर घेऊन त्याच्या मागं डबलसीट आला. त्यानं एक ड्रम काढला. लायनर पेट्रोलनं धुतला, घासला, पेटवून तेल जाळलं. बोट ठेवलं की पुन्हा ओल वर यायची.

"तेल पिलेला लायनर न्हाई धरत भौ. आता पुसला तरी गरम झाला की परत तेल सोडंल. नवे परभणीहून आणावं लागतेत." मग ढेकळांत उकिडवं बसलेल्या तात्यारावांकडं बघून तो हळू म्हणाला, "म्हाताऱ्याला काई म्हणू नका."

ऊन चढत होतं. राणीसावरगावात आतापर्यंत मंडप भरला असेल, दह्याची हंडी बांधली असेल. चंद्रभान बुवांपुढं गेला. "बुवा, ब्रेकशिवाय नेतो मी. गिअरवर नेतो. हळू हळू."

बुवांनी मान हलवली. रस्त्याकडं बोट केलं. वऱ्हाडातली दोन लेकरं मधोमध बसून गोट्या खेळत होती. बुवांनी बोट करायच्या आधीच ती लेकरं आपल्याला दिसायला हवी होती, असं चंद्रभानाला वाटलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

तात्याराव आता आवाज करून रडत होते. एवढा उंच माणूस, दोन्ही तळव्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. "म्या गळा कापला माझ्या भावाचा. म्या कापला."

बुवा उठले. ढेकळं तुडवत गेले, भावाचे दोन्ही हात धरले आणि रामनवमीपासून मिटलेलं तोंड उघडलं.

"दादा, उठा. पाणी घ्या थोडं."

चंद्रभानाच्या अंगावर काटा आला. आवाज स्वच्छ होता. पंधरा वर्षांपूर्वी ऐकला होता तसा, कुठं खरखर नाही, कुठं फाटलेला नाही. मौनानं आपलं काम चोख केलं होतं. आज हा गळा तीन तास चालला असता. पंचफुलाबाईंनीही ते ओळखलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"नको बोलूस दत्ता," तात्याराव कळवळले. "राख की. मुंबईपर्यंत तरी राख."

"मुंबईला काय करायचा? तिथं काढूनच घ्यायलेत," बुवा म्हणाले. "नागनाथ, तुमी मानवतात जाऊन सावरगावला निरोप द्या. पोस्टात फोन हाय त्यांच्या. म्हणावं, माझी वाट बघू नका. दुसऱ्या कुणाला उभं करा. लोक काल्यापर्यंत उपाशी असतेत, लेकरंबाळं असतेत."

नागनाथ सायकलवर टांग टाकून गेला.

सायकल मागाहून न्यायचं ठरवून वऱ्हाडाची गाडी पुढं गेली होती. मागून येणाऱ्या एका कडब्याच्या गाडीत तिघांना जागा झाली. तात्याराव बसेनात, बुवांनी त्यांना हाताला धरून वर ओढलं. मग गाडी गावाकडं लागली आणि बुवा भावाशी बोलत राहिले. त्यांच्या लहानपणीच्या बैलांबद्दल, मोडलेल्या जुवाबद्दल, आईच्या हातच्या धपाट्यांबद्दल. कसलं निरूपण नाही, एक ओवी नाही. नुसतं घरचं बोलणं, त्या आवाजात.

चंद्रभान रुतलेल्या गाडीपाशी उभा राहून ऐकत होता. वळणापर्यंत शब्द कळत होते. त्यापुढं नुसता सूर येत होता, आणि त्यात आता बारीकशी खरखर सुरू झाली होती.