आत रेली होती

मी एक जुने लोखंडी कुलूप आहे, मित्रांनो. सारंगखेड्याच्या जत्रेत भाईदास पटेलांनी मला पारखून घेतले. तीन वर्षे मी त्यांच्या कापसाच्या कोठाराला होते. "किती हिसडे मारा, उघडायचं नाही," असे सालदार गडी म्हणत, तेव्हा मला मोठा अभिमान वाटे.

१९५८ च्या वेचणीला सातपुड्यातून बाज्या आणि त्याची बायको रमिलाबाई आली. सोबत त्यांची पाच वर्षांची मुलगी रेली आणि रांगता गोवाल. पटेलांनी त्यांना मळ्यातली एक खोली दिली. पहिल्याच दिवशी पोरांनी वेचलेला कापूस तुडवला. "पोरं शेतात आणू नका," असे बजावून पटेलांनी मला रमिलाबाईच्या हाती दिले.

रोज सकाळी ती मला दाराला लावी आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधी. रेली आतून त्यांच्या बोलीत विचारी, "आई, लवकर येशील ना?"

एके दुपारी गोवाल भुकेने रडू लागला. त्याची पेज गरम करायला रेलीने चुलीतला विस्तव फुंकला. ठिणगी शेजारी सरपणाला रचलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर पडली. फटीतून धूर येऊ लागला. रेली दार ढकलू लागली. तिच्या प्रत्येक धक्क्यासरशी मी फळीवर आपटत होते. मग धक्के हळू झाले. मग थांबले. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच मजबुतीची भीती वाटली.

पाण्याला निघालेल्या शेजारच्या धनुबाईने धूर पाहिला. "पोरं मझार शेतस! पहार आना!" पोरं आत आहेत हे ध्यानात येऊन ती ओरडली. धावून आलेल्या सालदाराने दोन घावांत कोयंडा उखडला आणि मी धुळीत पडले. धनुबाई तोंडाला पदर लावून आत शिरली. गोवाल रेलीच्या पोटाखाली रडत होता. रेली हलत नव्हती. किल्ली मुठीत धरून रमिलाबाई धावत आली, ती अंगणातच कोसळली. बऱ्याच वेळाने रेली खोकली.

सकाळी पोलीस पाटील दिलवरसिंग आले. "बाई, बारा वर्षांखालच्या लेकराला एकलं टाकी देनं गुन्हा शे. सजा व्हस."

रमिलाबाईने दोन्ही हात जोडले. "मी टाकी नही दिन्हं, दादा. शेतात आणू नको म्हणे, तं कोठे ठेवू?"

पाटलांनी मला उचलले. "हाई कुलूप कोनं शे?"

भाईदास मान खाली घालून पुढे आले आणि म्हणाले, "मन्हं शे."

पाटलांनी गुन्हा न लिहिताच वही मिटली. दुसऱ्या दिवसापासून भाईदासांनी म्हाताऱ्या नानीबाईला वेचणीतून मोकळे करून सगळ्यांची पोरे सांभाळायला बांधावर बसवले. तरीही मिटलेल्या दाराआड रेली जाईना, म्हणून बाज्याने दारच काढून ठेवले.

मी आता माळ्यावर गंजत आहे. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, मला धान्याला लावा, पेटीला लावा. पण आत लहान मूल असेल, तर मला हात लावू नका. आधी शेजारणीला हाक मारा.